तिसरं उत्तर

"पाच हजार लोकांपुढे माईक धरताना नाही थरथरत तुझा हात! आणि पोटच्या पोरीची नखं कापायची म्हटलं की थरथरतो?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली... पण शब्द सुटला होता! नवऱ्याने नेलकटर टेबलावर ठेवला, लेकीला मांडीवरून हलकेच उतरवले आणि आत जाऊन दार लोटून घेतले.

"झालं! बसले काजळीमहाराज समाधीला," शाळेच्या गणवेशाला काजं करता करता सासूबाई म्हणाल्या. "अगं, जरा गोडीनं घ्यावं."

"गोडीनं घेऊन घेऊन साखर संपली माझी, आई!"

काजळी हे त्याचे गाण्यातले नाव. वॉशिंग सेंटरवर दुसऱ्यांच्या गाड्या धुता धुता त्याने ओळी रचल्या होत्या. ग्राइम म्हणतात त्या धडधडत्या, श्वास न घेता म्हणायच्या गाण्यांतून त्याने उपासमार सांगितली, मनाचा आजार सांगितला, 'गप्प बसू नका, बोला' असे घसा फोडून सांगितले आणि बघता बघता तो हजारो पोरांचा दादा झाला. त्याच्यासाठी तिने रक्ततपासणीच्या लॅबमधली आवडती नोकरी सोडली. लेकीला सांभाळायचे आणि त्याच्या नावाने चाहत्यांना उत्तरे द्यायची, हे तिचे काम. खचलेल्या माणसांचे निरोप इतके येत की तिने पाच उत्तरे फोनमध्ये लिहूनच ठेवली होती. तिसरे सगळ्यांना चालायचे: 'तू एकटा नाहीस. घरातल्या जवळच्या माणसाशी बोल. मी आहे.' पुढे एक लाल बदाम.

लेक झोपल्यावर ती फोन घेऊन बसली. सर्वात वर एका निनावी खात्याचा निरोप होता. सवयीने तिसरे उत्तर चिकटवायला बोट उचलले, आणि नजर अडखळली.

'आज मुलीची नखं कापायला घेतली. हात थरथरला. बायको चिडली, तिचं काही चुकलं नाही.'

पाव तासापूर्वीचा निरोप!

तिने वर सरकवून पाहिले. पंधरा दिवसांपूर्वी: 'मुलीला उचललं की वाटतं, माझ्या हातून पडेल. म्हणून उचलत नाही. बायकोला वाटतं मी टाळतो.' त्याआधी: 'दादा, घरात कसं बोलायचं, ते सांगाल?' दोन्ही निरोपांखाली तिसरे उत्तर. दोन्हीकडे बदाम...

तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. लेकीचा श्वास जरा जड झाला की झोपेतून उठणारी ती, दोन भिंतींपलीकडे नवरा बुडत होता आणि तिला पत्ताच नव्हता! इतके दिवस मनातल्या मनात स्वतःच्या त्यागाला ओवाळत होती ती...

तिने दार ढकलले. तो पलंगाला टेकून जमिनीवर बसला होता, हातात फोन.

"मला का नाही रे सांगितलंस?"

"सांगितलं ना... तीनदा."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते!

"पण असं? परक्याच्या नावानं?"

"तोंडानं सांगायची लाज वाटायची गं. जगाला 'बोला, बोला' म्हणून ओरडणारा मी... तू म्हणाली असतीस, मग गाण्यातलं सगळं खोटं का? वाटलं, परक्याशी तरी तू नीट बोलशील."

"आणि मी चिकटवत बसले!" तिचा बांध फुटला. "एवढं सोडलं म्हणून मिरवत होते मनात... आणि तुझ्या चार ओळी वाचल्या नाहीत रे मी!"

"उत्तर बरोबरच होतं. ते वाचून मी उठायचो. दारापर्यंत यायचो... आणि परत फिरायचो."

ती खाली बसली. त्याला हात लावायचाही धीर होईना. शेवटी त्यानेच तिच्या खांद्यावर डोके टेकवले.

दारात सासूबाई उभ्या होत्या, दातांत दोरा तसाच. "शनिवारचा कार्यक्रम?"

"होणार नाही, आई."

"लोक काय म्हणतील गं?"

"म्हणू देत. आधी डॉक्टर. पोरीला बघाल?"

"हे काय विचारणं झालं?" त्यांनी पदराने डोळे टिपले. "जा दोघं."

दुसऱ्या दिवशी मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंनी वही उघडली. "कधीपासून होतंय हे?"

तिची सगळी तयारी झाली होती. झोप, भूक, कार्यक्रमांच्या तारखा, रिक्षातच तिने सगळे मनाशी लावून घेतले होते. तिने तोंड उघडले... आणि शरमेने कान तापले. पुन्हा त्याच्या नावाने उत्तर!

तिने ओठ मिटले. त्याने तिच्याकडे पाहिले. 'तू सांग ना,' असे ते डोळे म्हणत होते. तिने मान हलवली आणि त्याचा थरथरता हात आपल्या मांडीवर घेतला.

बाई थांबल्या. तीही थांबली. एका श्वासात वीस ओळी म्हणणाऱ्या त्या माणसाला एक वाक्य जुळवायला केवढा वेळ लागला!

"मला... माझ्याच मुलीजवळ जायची भीती वाटते," तो म्हणाला, आणि पुढे बोलत राहिला, अडखळत, थांबत, बराच वेळ. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण तिने मध्ये एक शब्द टाकला नाही.