बिबड्यांनी थांबवलेला मीटर

“आठून हालस नहीं मी!” रुपा जिन्याच्या पहिल्याच पायरीवर फतकल मारून बसली.

तिच्यासमोर पाने-पकडी घेऊन भूपेश वायरमन उभा होता. गच्चीवरच्या सोलरच्या प्लेटा त्यानेच बसवल्या होत्या आणि आज तोच त्या उतरवायला आला होता!

लोणखेड्यातल्या या घरावर प्लेटा आल्या त्या रुपाच्या आईच्या, शोभाबाईंच्या हट्टाने. घरात वापरून उरलेली वीज लायनीत सोडायची, म्हणजे तेवढे युनिट बिलातून वजा होतात, हे त्यांनीच सगळ्यांना पटवलं होतं. पण बिल घटायचं सोडून वाढलंच! गल्लीभर हसं झालं.

“ऊठ वं पोरी,” बाबा, म्हणजे सुकलाल, वैतागून म्हणाले. “तुन्ही मायनं ऐकीसन फसनूत आपण.”

शोभाबाई ओट्यावर मान खाली घालून बिबडे, म्हणजे ज्वारीचे जाडसर पापड, थापत होत्या. रुपाला त्याचाच जास्त राग आला.

“मन्ही माय खोटं बोलस नहीं! मीटर चुकना व्हई!”

“मीटर चुकस का कधी?” भूपेश हसला. “जा, खेयाले जा.”

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ नवनीत पुढे सरकला. “ताई, परवा मायनी प्लेटांवर बिबडे वाळत टाकलेले ना? मी राखणीला होतो. तेव्हा मीटरचा आकडा पुढे जातच नव्हता!”

“असं कसं?” शेजारच्या किराणा दुकानातली किंजल म्हणाली. “प्लेटा झाकल्या तर लायनीतून जास्त वीज घ्यावी लागेल. आकडा पळायला पाहिजे!”

रुपा ताडकन उठली. “भूपेशभाऊ, जेवणापर्यंत थांबा. आम्ही चुकलो तर प्लेटांचे नट आम्हीच खोलीसन देसूत!”

पोरांनी पंखे, फ्रिज, सगळं बंद केलं. ऊन डोक्यावर होतं. मीटरवर दोन आकडे आळीपाळीने दिसत होते: लायनीतून घेतलेली वीज आणि लायनीत दिलेली वीज. घरात एक बटण चालू नव्हतं, तरी ‘घेतलेली’ वाढत होती!

“कोण खाई ऱ्हायनं मग वीज? भुतं?” नवनीत ओरडला.

“गोधड्या आणा!” रुपाने हुकूम सोडला.

तिघांनी गोधड्या ओढत गच्चीवर नेल्या आणि प्लेटा झाकल्या. आकडा थांबला. गोधड्या काढल्या, पुन्हा पळायला लागला! मग प्लेटा परत झाकून त्यांनी घरातलं सगळं चालू केलं. आता ‘दिलेली’ वीज वाढू लागली.

“आपण घेतो तर म्हणे दिली, आणि देतो तर म्हणे घेतली!” किंजलने टाळी वाजवली. “तारा उलट्या जोडल्यात!”

भूपेशचं हसू कुठल्या कुठे पळालं. “लगीनले जानं व्हतं... घाईमा जोडी टाक्यात,” तो पुटपुटला आणि पकड घेऊन मीटरकडे वळला.

“हात लावू नका!” रुपा आडवी आली. “सील आहे. वीज कार्यालयातून कुणाला तरी बोलवा. त्यांच्यासमोरच जोडा!”

दुपारी कार्यालयातल्या इंजिनीअर मॅडम आल्या. त्यांनी रुपाकडून सगळी हकीकत ऐकली, पोरांचा प्रयोग पुन्हा करायला लावला, सील उघडलं आणि तारा बदलून घेतल्या. “मागची बिलंही दुरुस्त होतील,” त्या म्हणाल्या. “तुम्ही लायनीत दिलेले युनिट वजा धरले जातील. शाब्बास रे पोरांनो! मोठ्यांनी ‘खेळायला जा’ म्हटलं तरी हटला नाहीत!”

सुकलाल गल्लीतल्या सगळ्यांदेखत ओट्यापाशी आले. “शोभा, तुन्हं खरं व्हतं. मी चुकनू.”

“माले मालूम शे,” शोभाबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. “आते खाट लई जा गच्चीवर. बिबडे खाटवर वाळतीन. मन्ही वीज अडावू नका!”

सुकलालांनी लगेच खाट डोक्यावर घेतली, आणि पुन्हा पायरीवर येऊन बसलेली रुपा बाजूला झाली.