काटा का उतरतो?

"काका, काटा पुन्हा खाली आला," प्रणोती म्हणाली.

गढा मोहल्ल्यातल्या शालिग्रामकाकांच्या वर्कशॉपमध्ये दसऱ्याच्या सुट्टीतली दुपार सुस्तावली होती. मधोमध प्रेशर पॉट, म्हणजे दाब दाखवणारा काटा बसवलेला जाड लोखंडी डबा. साच्यात ओतलेलं रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा पारदर्शक द्रव, त्यात ठेवून हवा भरली, की दाबाने आतले बुडबुडे नाहीसे होतात आणि ठोकळा काचेसारखा नितळ निघतो. पण दसऱ्यापासून हवा टिकतच नव्हती. नमुन्याचे दोन्ही ठोकळे फेसाळ निघाले होते.

आणि पंख तर एकच होता. चतुराचा, सोनेरी जाळीचा, तिच्या मित्राला, अनुपमला, आणि तिला नदीकाठी ग्वारीघाटावर मिळालेला. अनुपमच्या बाबांची बदली झाली होती. परवा तो सदर मोहल्ल्यातलं घर सोडून कायमचा जाणार, आणि त्याआधी पंख ठोकळ्यात बसवून त्याला द्यायचा होता.

"हवा भरणारा कंप्रेसर म्हातारा झाला, माझ्यासारखा," म्हणत काकांनी खुर्चीतच डोळे मिटले. चाळीस वर्षं फॅक्टरीत काढलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

"पण दीदी, कंप्रेसर तर बंद आहे," तिचा धाकटा भाऊ सुमेध कुजबुजला. "मग डब्यातली हवा काहून जाऊन राहिली?"

प्रणोतीने भांड्यांचा साबण पाण्यात कालवला. दोघांनी ब्रशने तो नळीच्या जोडांवर लावला. काहीच नाही. मग झाकणाच्या कडेवर. तिथे एका जागी निसटत्या हवेचे फुगे येऊ लागले. एकामागून एक, खिडकीतल्या उन्हात निळे, जांभळे. दोघं कितीतरी वेळ बघतच राहिले.

"चलो, काकांना उठव," सुमेधच आधी भानावर आला.

काकांनी हवा सोडून झाकण उचललं. कडेच्या रबरी रिंगवर तांदळाचा लाल दाणा चिकटला होता. दसऱ्याच्या पूजेची अक्षता!

"झाकण उघडून आतही वाहिल्या होत्या मीच," काका ओशाळले. "फॅक्टरीत असं केलं असतं, तर साहेबांनी मलाच डब्यात बसवलं असतं."

रिंग पुसली. पंख साच्यात बसला, वर रेझिन ओतलं, हवा भरली. संध्याकाळ झाली तरी काटा हलला नाही.

"बेटा, मी यंत्राच्या पाया पडलो. तुम्ही त्याच्याकडे पाहिलं," काका म्हणाले.

तिसऱ्या दिवशी स्टेशनवर अनुपमने ठोकळा उन्हात धरला. आत एकही बुडबुडा नव्हता. त्याच्या गालावर सोनेरी जाळी उमटली, आणि गाडी हलेपर्यंत प्रणोती त्या जाळीकडेच बघत होती.