कोरे झेंडू

धामणखेडहून आलेलं पाकीट कागदाचं होतं, म्हणून ते दोन दिवस कुणी उघडलंच नाही. चित्रकला विभागात कागद यायचा बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. राज्यातली सहावी ते आठवीची चार लाख मुलं आपापल्या चित्रफळीच्या पडद्यावर चित्रं काढत. ती चित्रं तिथंच तपासली जात आणि तिथंच जपली जात. कागदाचं पाकीट कुठल्या टेबलावर जावं हे कुणाला ठाऊक नव्हतं. फिरत फिरत ते वृंदा खानविलकरकडे आलं.

त्या मुलांसाठी ‘जगाचे उत्सव’ हा अभ्यासक्रम वृंदा रचायची. दर आठवड्याला एक देश, त्याचा एक सण आणि एक चित्र. इराणच्या नवरोजची रंगवलेली अंडी होऊन गेली होती. थायलंडात दिवे लावून नदीत सोडतात ते केळीच्या पानांचे द्रोणही झाले होते. या खेपेला मेक्सिकोचा मृतांचा दिवस होता. तिथली माणसं घरातल्या गेलेल्यांना परत बोलावण्यासाठी दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. आपल्या दसऱ्याचा झेंडू इतक्या दूर दुसऱ्याच कामाला लागतो, हे मुलांना भारी वाटेल असं तिला वाटलं होतं, आणि तसंच झालं होतं. या पाठाचा तिला अभिमान होता.

पाकिटात एकतीस चित्रं होती आणि मुख्याध्यापक भामरे सरांची चिठ्ठी. टॉवर बिघडल्यानं पंधरा दिवस फळ्या बंद होत्या, मुलांचा पाठ बुडू नये म्हणून त्यांनी जुने कागद आणि मेणखडूंच्या पेट्या शोधून काढल्या होत्या. गुण तेवढे चढवावेत, अशी विनंती होती.

वृंदानं पहिलं चित्र पाहिलं. घर, दार, दारात बसलेली आजी. दारापर्यंत फुलांची वाट. रेघा थोड्या वाकड्यातिकड्या होत्या, पण फुलं पूर्ण काढलेली होती; रंगवलेली मात्र नव्हती. दुसऱ्या चित्रातही फुलं कोरीच. तिसऱ्यातही. मुलांना वेळ पुरला नसेल, असं म्हणून ती कागद खाली ठेवणार, तोच खिडकीतला उजेड त्याच्यावर तिरपा पडला आणि फुलं चकाकली. तिनं बोट फिरवलं. मेणाचा जाड थर होता. मुलांनी झेंडू रंगवले होते, अगदी मन लावून. पांढऱ्या खडूनं.

एकतीसच्या एकतीस चित्रांत तसंच होतं.

तिनं भामरे सरांना फोन लावला. पेट्यांत पिवळा खडू नव्हता का, असं विचारलं. सर म्हणाले की बाराही रंग होते, त्यांनी स्वतः मोजून दिले होते. मग तिनं जरा चाचरत विचारलं, की पाठवण्याआधी त्यांनी चित्रं पाहिली होती ना.

“पाहिली म्हणजे काय मॅडम, वर्गात लावली होती सगळी,” सर कौतुकानं म्हणाले. “झेंडू तर काय पिवळेधमक आलेत!”

वृंदानं हातातल्या कागदावरच्या पांढऱ्या फुलांकडे पुन्हा पाहिलं.

दुपारी ती चित्रं घेऊन विभागातल्याच डॉक्टर टिळेकरांकडे गेली. चित्रफळीतली ‘सावर’ नावाची प्रणाली त्यांनी बनवली होती. अकरा-बारा वर्षांच्या वयात बहुतेक मुलं चित्र काढणं सोडून देतात. मनातला घोडा आणि कागदावरचा घोडा यांतला फरक त्यांना पहिल्यांदाच कळतो आणि लाज वाटते. सावर तो फरक मिटवायची. ठेच लागलेल्याचा कोपर कुणी हळूच धरावा, तशी ती मुलाच्या मनात काय आहे ते ओळखून रेघ उमटता उमटता दुरुस्त करायची. मुलाला वाटायचं, आपणच काढलं. सुरुवातीला सावर फक्त रेघा दुरुस्त करत असे. रंग तिच्यात नंतर आले.

टिळेकरांनी एकेक कागद उजेडात तिरपा धरून पाहिला. मग त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली. डोळ्याच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यातल्या निळा रंग टिपणाऱ्या सगळ्यात थोड्या आणि सगळ्यात नाजूक. काही विषं शरीरात मुरायला लागली की आधी त्या जातात. त्या गेल्या की पिवळा आणि पांढरा यांत फरक करता येत नाही.

“जन्मजात असेल,” वृंदा म्हणाली. “रंगांधळेपणा असतोच की काहींना.”

“जन्मजात असतो तो बहुतेक तांबड्या-हिरव्याचा, आणि तोही मुलग्यांत. इथं निम्म्या मुली आहेत.” त्यांनी चष्मा काढला. “आणि गुरुजींनाही दिसत नाहीये. आईबापांनाही दिसत नसणार. सगळं गाव एकाच पाण्यावर आहे.”

धामणखेडच्या वरच्या अंगाला जुन्या सौरपॅनेलांचे तुकडे करण्याच्या शेड होत्या. बारा वर्षांपासून राज्यभरातली निकामी पॅनेलं तिथं जात होती. हे दोघांनाही माहीत होतं.

टिळेकरांनी सावरची नोंदवही उघडली. कुठल्या शाळेत शंभर फटकाऱ्यांमागे किती वेळा काय दुरुस्त केलं, याची नोंद सावर ठेवत असे. ती कुणी वाचत नसे, कारण मुलं खूश होती. धामणखेडच्या सातवीत तीन वर्षांपूर्वी पिवळ्याची दुरुस्ती शंभरात दहा होती. आता ती त्र्याण्णव होती. मुलं पांढरा उचलत होती, सावर तो पिवळा करत होती, आणि मुलांना त्यातला काहीच बदल कळत नव्हता.

“तीन वर्षांपूर्वीच कशी सुरू झाली ही नोंद?” टिळेकर स्वतःशीच पुटपुटले. “त्याआधी आपण रंग दुरुस्त करतच नव्हतो.”

वृंदाला ते आठवत होतं. तेव्हा नवरोजच्या पाठात एका शाळेच्या काही मुलांनी पिवळी अंडी पांढरीच ठेवली होती आणि दुसऱ्या शाळांची मुलं पडद्यावर त्यांना हसली होती. एक मुलगी पाठ संपेपर्यंत मान खाली घालून बसली होती. वृंदाला ते बघवलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तिनं विभागाला लिहिलं होतं, की रंगाच्या चुकाही सावरायला घ्याव्यात. ते पत्र वाचून सगळ्यांनी तिला शाबासकी दिली होती. ती शाळा कोणती, हे तिनं तेव्हा पाहिलंही नव्हतं. आता तिनं टिळेकरांना ते वर्ष उघडायला सांगितलं. शाळा धामणखेडचीच होती.

“मीच झाकलं हे,” ती म्हणाली. “तेव्हाच सगळ्यांना दिसलं असतं.”

टिळेकरांनी तिची समजूत काढली नाही. त्यांनी पिवळ्याच्या दुरुस्तीवरून राज्यातल्या शाळा लावल्या आणि पडदा तिच्याकडे वळवला. पन्नासच्या वर आकडा असलेल्या एकशे सात शाळा होत्या. त्यातल्या बऱ्याचशा धामणखेडवरून वाहणाऱ्या एकाच नदीच्या काठाला होत्या.

“सावर बंद करा,” वृंदा म्हणाली.

“करेन. पण मुलांना रंगातला फरक दिसणार नाही, वृंदाताई. दिसला तर आपल्यालाच दिसेल.”

मग विष पुढं काय करतं, हे तिनं विचारलं. डोळ्यानंतर बोटांची पाळी असते, असं ते म्हणाले. आधी बारीक कंप, नंतर पकड जाते. त्यांनी धामणखेडच्या रेघांच्या दुरुस्तीचा आकडा तिच्यापुढं केला. वर्षभरात तो दुप्पट झाला होता.

टिळेकरांनी त्याच दिवशी आरोग्य विभागाला कळवलं. उत्तर आलं की समिती नेमली जाईल, तोवर सावर बंद करून मुलांचा हिरमोड करू नये. वृंदा उत्तर वाचून उठली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं धामणखेडला गेली.

भामरे सरांनी शाळेच्या वर्गात पालकांना बोलावलं होतं. तीसेक माणसं आली. निम्मी शेडवर कामाला जाणारी होती आणि एका पाळीची सुट्टी टाकून आली होती. वृंदानं पेशींचं, पाण्याचं, सगळं जमेल तितकं सोपं करून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, पण चेहरे हलले नाहीत. जो रंग गेल्याचंच कुणाला ठाऊक नाही, तो गेला असं त्यांना कसं पटवायचं, हे तिला कळेना.

तिनं वाटेत बाजारातून झेंडू आणि पांढरी शेवंती आणली होती. दोन्ही फुलं टेबलावर ठेवून तिनं सातवीतल्या पूर्वी पाडवीला पुढं बोलावलं आणि यातलं पिवळं कुठलं, ते दाखवायला सांगितलं.

पूर्वीनं दोन्ही फुलं उचलली, एकेक करून नाकाशी नेली आणि झेंडू पुढं केला.

वर्गात लोक हसले. पूर्वीची आई मागून म्हणाली, “बघितलं का मॅडम? आमच्या पोरीला समदं दिसतं. शेड बंद पाडायला कुणी धाडलंय का तुम्हाला?” एक-दोन माणसं उठली. भामरे सरांनी हात जोडून त्यांना बसवलं, पण तेही वृंदाकडे आता जरा दुरूनच पाहत होते.

फुलांनी काम होणार नव्हतं. या माणसांना दिसेल असंच काहीतरी दाखवायला हवं होतं, आणि ते काय हे तिला माहीत होतं. ते दाखवावं लागू नये, असं तिला फार वाटत होतं. तिनं पिशवीतून कागद आणि काळी पेन्सिल काढली.

“पूर्वी, इथून इथपर्यंत एक सरळ रेघ काढ बेटा. सावकाश.”

पूर्वी टेबलावर वाकली. तिनं जिभेचं टोक दातांत धरलं आणि पेन्सिल ओढली. माणसं टेबलाभोवती गोळा झाली. रेघ निघाली ती थरथरत, करवतीच्या दाट दात्यांसारखी, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ही पांढऱ्यावर काळ्यात होती. ही सगळ्यांना दिसत होती.

पूर्वीची आई पुढं आली आणि तिनं लेकीचा हात आपल्या हातात घट्ट धरला, थांबवायला धरावा तसा.

पूर्वी मात्र रेघेकडे नवलानं बघत होती. तिनं पेन्सिलीचं टोक तपासलं, कागद उलटा करून पाहिला.

“कागद वाईट आहे, मॅडम,” ती म्हणाली. “फळीवर माझी सरळ येते.”

भामरे सरांनी आपले दोन्ही हात हळूच टेबलाखाली घेतले.