संदेश विरला, प्रथिन उरलं

प्रयोगशाळेच्या प्रमुखांची कवटी दोन ठिकाणी फुटली होती. आयुष्यभर ज्या सूक्ष्मदर्शकात त्यांनी डोकं घातलं, त्याच्यावरच ते शेवटी सांडलं.

"मारलं आमच्या भाच्यानंच," त्यांची बायको वहिनींना म्हणाली. "पण तो म्हणतो, घाव एकच घातला. त्याला फाशी झाली तर माझं म्हणून कुणी उरत नाही हो."

वहिनी खासगी गुप्तहेर. सोबत त्यांचा दीर. बुद्धी बेताची, पण छत्री तोच धरायचा.

कोठडीत भाच्याचा ओठ फाटलेला होता. चौकशी जोरात झाली होती.

"मामांनी चारचौघांत नालायक म्हटलं. दुपारी लोखंडी स्टँड उचलला, एकदाच हाणला आणि पळालो."

"थापाड्या," बाहेर आल्यावर दीर म्हणाला. "भोकं दोन आहेत."

"मोजता येतं की भावजी तुम्हाला."

उपप्रमुखांनी खुर्ची पुढे केली. "आवाज ऐकून मी लगेच धावलो. खेळ आटोपला होता. पुरानं गावचा पूल बंद, त्यामुळे पोलीस संध्याकाळी पोचले. तोवर मी दारातून हललो नाही, चिटपाखरू आत सोडलं नाही."

"आणि जखमांची तपासणी?"

"मीच केली. जखम झाली की तिथल्या पांढऱ्या पेशींत जनुकं संदेश काढतात, लढाईचं प्रथिन बनवा म्हणून. दोन्ही जखमांत संदेश शून्य. म्हणजे घाव लागोपाठ, माणूस जागीच ठार."

"प्रथिन मोजलंत?"

"संदेशच नाही तर प्रथिन कुठलं, बाई? प्रमुखही याच्यावरूनच माझ्याशी भांडायचे."

वहिनींनी दुसरीकडून प्रथिन मोजून घेतलं आणि सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. भाच्यालाही आणलं.

"एका जखमेत प्रथिन ठासून भरलंय. दुसरीत अजिबात नाही."

"संदेशाशिवाय?" दीर म्हणाला.

"भावजी, पत्रिका रद्दीत गेली म्हणून लग्न लागलंच नाही, असं असतं का? संदेश काही तासांत विरतो, प्रथिन मागे उरतं. पण ते बनायला वेळ लागतो आणि माणूस जिवंत लागतो. भाच्याच्या घावानंतर प्रमुख दुपारभर जगले. दुसरा घाव संध्याकाळचा. तोवर दारातून कोण हललं नाही, ते यांनीच सांगितलंय."

उपप्रमुखांनी चष्मा पुसला.

"निवृत्तीचं नाव काढत नव्हते. वाटलं, आपोआप जातील. पोलिसांची गाडी वाजली, तरी हे टक्क जागे. मग तोच स्टँड उचलला."

"काही बोलले?" मामीनं विचारलं.

"पाणी मागितलं. मग म्हणाले, पोरगं घरी पोचलं का बघा."

भाच्याची फाशी टळली होती. त्याला जमिनीवरून उठवायला दोन हवालदार लागले.