एकशेवीस-ऐंशी

मी रोज डायरी लिहितो. किती रुग्ण पाहिले, जेवायला किती वाजले, सगळं. फक्त ही एक गोष्ट तिच्यात उतरायला वर्ष लागलं.

आमच्या हॉस्पिटलात दरवर्षी डॉक्टरांचीही तपासणी होते. म्हणजे कागदावर. एकानं दुसऱ्याला तपासायचं, फॉर्म भरायचा, सही ठोकायची. माझी जोडी ठरलेली होती, भूल देणाऱ्या ताईंशी. माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या.

"माझं एकशेवीस-ऐंशी लिहून टाक रे," गेल्या वर्षी त्या दारातूनच म्हणाल्या. "तुझंही तेच लिहिते. आजारी पडायला इथं वेळ कुणाला आहे!"

आम्ही हसलो. बीपीचं मशीन पेटीतून काढलंसुद्धा नाही.

दोन महिन्यांनी ताई जिन्यातच कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव. त्यातच गेल्या. त्यांच्या यजमानांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही तपासलं होतं ना तिला?"

"हो भाऊजी," मी म्हणालो. "सगळं उत्तम होतं."

काल पुन्हा फॉर्म आला. दुपारचे अडीच वाजले होते. ओपीडी रिकामी, सिस्टर जेवायला गेलेल्या. मी सवयीनं लिहायला घेतलं, एकशेवीस...

फुस्... फुस्...

मागून आवाज आला, रबरी फुगा दाबल्यासारखा. स्पिरिटचा वास दाटला. डाव्या दंडाभोवती काहीतरी आवळू लागलं, बोटं बधिर होईपर्यंत. दंडावर काहीच नव्हतं.

"ताई...?"

"बोलू नकोस," कानाशी कुणी कुजबुजलं. "आकडा चुकतो..."

मग पकड हळूहळू सैल झाली. मी मशीनची पेटी उघडली. पट्टा नीट घडी घातलेला. पारा मात्र चढलेला, एकशे चौऱ्याऐंशीवर. माझ्या डोळ्यांदेखत तो सरसर उतरला.

खरं सांगतो, भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. गेलेल्या बाईनं मला तपासलं होतं. जिवंत होत्या तेव्हा मी त्यांच्या दंडाला हातही लावला नव्हता.

कुणाशी अवाक्षर न बोलता उठलो, थेट त्यांचं घर गाठलं. तीन जिने चढलो. भाऊजींनी दार उघडलं आणि मी उंबरठ्यावरच सांगून टाकलं, "मी ताईंना तपासलंच नव्हतं. फॉर्मवर खोटं लिहिलं. तुमच्याशीही खोटं बोललो."

दाराची कडी घट्ट धरून ते उभे राहिले. मग वाटेतून बाजूला झाले.

"आधी आत येऊन बसा," ते हळूच म्हणाले. "एवढे जिने चढलात... एकशे चौऱ्याऐंशी म्हणजे काही थोडंथोडकं नाही."