हवेत आवळलेला बोल्ट

नागपुरात प्रताप नगरच्या रस्त्याला वॅगन खड्ड्यात आदळली, मागून खणकन आवाज आला, आणि गोपिकेने गाडी थांबवली ती नेमकी शालिक मिस्त्रीच्या टिनाच्या शेडसमोर.

मिस्त्री उकिडवा बसला. मागच्या चाकांवरची जागा त्याने विती-बोटांनी मोजली. डावीकडे वीतभर... उजवीकडे चार बोटं कमी.

"स्प्रिंगची उजवी कमान बसली जी. एक पाटा तुटला, बाकीचे थकले." मग मान वर करून म्हणाला, "गाडी नऊ जणांची, पण चालवता एकट्याच ना?"

"तुम्हाले कोणी सांगितलं?"

"हिनंच." त्याने चाकावर थाप मारली. "वर्षानुवर्षं सारं वजन ड्रायव्हरच्या अंगाले. बाजूले कोणी बसतच नाही."

गोपिका हसली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. खरंच, नऊ माणसांच्या घरासाठी बापूजींनी ही वॅगन घेतली होती. आई गेली, काका-काकू गेले, भाऊ बदलीच्या गावी संसाराला लागले. खापा गावातल्या त्या लांबरुंद घरात आता खाटेवरचे बापूजी, आणि तिशी उलटलेली ती. दर मंगळवारी औषधं आणायला नागपूर. परतताना पाटणसावंगी येईपर्यंत ती एकटीच मोठ्याने बोले... घरी पोचल्यावर आपला आवाज आपल्याला ओळखू यावा, म्हणून.

शालिकने कमान उतरवली. तुटका पाटा बदलला, बाकीचे भट्टीत तापवले, ठोकून पुन्हा बाक दिला. ठिणग्या उडत होत्या, पौषातलं ऊन शेडच्या पत्र्यावरून हळूहळू सरकत होतं. स्टुलावर बसून गोपिका पाहत राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना तो ताई म्हणे. तिला मात्र सकाळपासून काहीच म्हटलं नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं म्हणून ती उगाच पदर सारखा करू लागली.

"चहात साखर किती?"

"दोन चमचे."

"मले वाटलं एकच असल. बोलणंच एवढं गोड..."

"मिस्त्री, ध्यान कमानीवर ठेवा."

"हात कमानीवरच आहे जी. डोळ्याची गॅरंटी नाही देत."

संध्याकाळी नवे रबरी बुश बसवून तो शेवटचा बोल्ट आवळू लागला. गाडी अजून जॅकवरच होती, चाक हवेत. गोपिकेने काही बोलायला तोंड उघडलं... आणि मिटून घेतलं.

पंधरा दिवसांत वॅगन कुरकुरू लागली. मागून, उजवीकडून... कुर्र, कुर्र. ती मंगळवारी शेडवर आली. त्याने तेल सोडलं, चहा मागवला. पुढच्या मंगळवारी पुन्हा कुर्र. पुन्हा तेल, पुन्हा चहा, आणि चहापेक्षा लांबलेल्या गोष्टी. त्याच्या आईच्या, तिच्या संत्र्याच्या बागेच्या. आंबिया बहार आला होता. एकदा तिने रुमालात बांधून फुलं आणली, तर त्याने ग्रीसचे हात पाठीमागे लपवून नुसता वास घेतला.

चौथ्या मंगळवारी ती गाडीतून लवकर उतरलीच नाही.

"मोठ्या भावाचं पत्र आलं. बापूजी आता गाडीत बसत नाहीत, तर विकून टाका म्हणतो. रविवारी सावनेरचं गिऱ्हाईक येऊन राहिलं. तेवढी कुरकुर काढून द्या."

"अन् औषधं?"

"भाऊ पोस्टानं पाठवील."

म्हणजे मंगळवार संपले. शालिक गोणपाट अंथरून मागच्या चाकाशी गाडीखाली सरकला.

"बसूनच राहा," खालून आवाज आला. "वजन पाहिजे."

ती स्टेअरिंग धरून बसून राहिली. आरशात त्याचे पाय तेवढे दिसत होते.

"एक सांगू?"

"सांगा."

"हा बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावर आवळायचा असते. गाडीचा भार कमानीवर आला का मंग. हवेत आवळला तर आतलं रबर पिळते... अन् कुरकुरते. मी हवेत आवळला होता."

"चुकून?"

पाना जमिनीवर पडल्याचा आवाज झाला.

"बारा वर्षं झाली या धंद्यात. चुकून नाही जी. कुरकुरली तर तुम्ही पुन्हा याल... म्हणून."

समोरच्या कडुनिंबाची पानं गळत होती. गोपिका ती पाहत राहिली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?" आणि डोकं गाडीला आपटल्याचा दणका.

"बापूजींनी शिकवलं होतं सारं. तुम्ही आवळत होता, मी पाहून राहिली होती."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"बोलली असती तर..." तिचा आवाज अगदी बारीक झाला, "गाडी दुरुस्त झाली असती ना."

त्याने पाना उचलून आधी बोल्ट सैल केला. मग पाना सावकाश फिरला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तो बाहेर आला तेव्हा कपाळाला खोक पडली होती आणि कान लाल झाले होते. मागचा बंपर त्याने दोन्ही हातांनी दाबून पाहिला. कुरकुर गेली होती.

"आता तुमच्या येण्याचं काही कारण नाही," तो म्हणाला.

"खाप्याले एस.टी. येते."

"मी बिघाडाबिगर कोणाच्या घरी गेलो नाही जी कधी."

"तर या एकदा."

रविवारी वॅगन गेली. अंगणात तेलाचा डाग तेवढा उरला. दोन दिवस गोपिका त्या डागाला वळसा घालून चालली.

मंगळवारी दुपारी फाटक वाजलं. इस्त्रीचा पांढरा सदरा, नखांत काळं ग्रीस तसंच.

"कोण गा?" खाटेवरून बापूजींनी विचारलं.

"मी शालिक मिस्त्री जी. प्रताप नगरचा."

"गाडी तर गेली. आता काय बिघडलं?"

शालिकने ग्रीसची नखं मुठीत लपवली. तो खाली पाहू लागला. तेव्हा पिठाचे हात तसेच घेऊन गोपिका स्वयंपाकघराच्या दारात आली.

"काही नाही बिघडलं, बापूजी. मी बोलावलं त्यांले."

बापूजी लेकीकडे पाहत राहिले. तिने मान खाली घातली नाही. मग त्यांनी हळूच पाय आखडून घेतले, खाटेवर एका माणसाची जागा केली.

"मंग बस ना गा. उन्हातून आला... गोपिका, पाणी दे वं त्याले."