शोकसभेतलं एक विसंगत निरीक्षण

पुनर्भाष प्रयोगशाळेत चपला बाहेर काढाव्या लागत. तसा नियम मुळात नव्हता. पण आत मेलेल्या माणसांशी बोलणं चालतं म्हटल्यावर लोक आपोआपच चपला काढू लागले, आणि मग संचालकांनी पाटी लावून टाकली.

ललिता टिपणीस चपला न काढता आत आल्या. वय एकाहत्तर. पती डॉ. यशवंत टिपणीस, नावाजलेले हवामानशास्त्रज्ञ, यांना जाऊन नऊ दिवस झाले होते. येत्या रविवारी त्यांची शोकसभा दूरसभेत, म्हणजे ज्याने त्याने आपापल्या घरी पडद्यासमोर बसून, व्हायची होती.

"सोपं करून सांगू नकोस हं," त्या डॉ. प्राजक्ता घैसासला म्हणाल्या. "नीट सांग. माझी हयात आकड्यांतच गेली आहे."

प्राजक्ताने खुर्ची पुढे ओढली. "चेहरा आणि आवाज जुन्या चित्रफितींतून घेतो, काकू. ते सोपं. अवघड असतो स्वभाव. तो आम्ही शोकसभेतून घेतो. दोनशे माणसं बोलतात. प्रत्येकाची आठवण म्हणजे एक निरीक्षण. ती सगळी गाळणीतून जातात आणि खाली उरतं ते सरांचं पुनर्भाष. सभेच्या शेवटी सर स्वतः बोलतील, घरच्यांच्या एका प्रश्नाला उत्तर देतील. मग ते सगळं स्मृतिकोशात कायमचं जमा. पुढे कुणीही, कधीही सरांबद्दल विचारलं, की उत्तर तिथूनच."

"गाळणी कुठली?"

"टिपणीस सूत्र! सरांचंच तर आहे."

"माझं आहे," ललिताबाई म्हणाल्या.

प्राजक्ता हसली. नवव्या दिवशी माणसं काहीही बोलतात, हे तिला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं.

खरं तर गोष्ट साधी होती. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी राज्यात तीनशे पर्जन्यमापकं होती. त्यांतल्या काहींत चिमण्या घरटी करत, आणि काहींचे आकडे कर्मचारी घरी बसून, खिडकीतून आभाळ बघून भरत. खरा पाऊस किती, हे कळेना. तेव्हा संस्थेतल्या एका हंगामी साहाय्यिकेने सूत्र काढलं: ज्या आकड्याला शेजारच्या निदान दोन मापकांचा दुजोरा नाही, तो विसंगत समजून वगळावा. हंगामी माणसाच्या नावाने शोधनिबंध पाठवायची पद्धत नव्हती. साहाय्यिकेचं लग्न नुकतंच संस्थेतल्या एका कायम शास्त्रज्ञाशी झालं होतं. निबंध त्याच्या नावाने गेला. आडनाव एकच, तेव्हा घरातच राहिलं, असं सगळे म्हणाले. सूत्र मांडलेल्या तिच्या वह्या पुढे घर बदलताना रद्दीत गेल्या.

दवाखान्यात शेवटच्या मंगळवारी यशवंतरावांनी तोंडावरचा प्राणवायूचा मुखवटा बाजूला केला होता. "शनिवारी सत्कार आहे ना? तिथं सांगतो सगळ्यांना. सूत्र तुझं आहे." ते गुरुवारी गेले. चव्वेचाळीस वर्षं थांबलेल्या माणसाने आणखी दोन दिवस थांबायला काय हरकत होती, असं ललिताबाईंना प्रामाणिकपणे वाटलं होतं. मग त्या रडल्या होत्या.

"तुझ्या पद्धतीत एक चूक आहे," त्या म्हणाल्या. "शोकसभेत कुणी खरं बोलतं का गं? गेलेल्या माणसाला नावं ठेवायची नाहीत, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सगळी मापकं एकाच छपराखाली ठेवलीस, तर मतैक्य काय होईल? पाऊस पडलाच नाही."

"पण छप्पर सगळ्यांवर सारखंच आहे ना, काकू? मग तुलना बरोबरच येते." प्राजक्ता हे खरोखर मनापासून म्हणाली. "आणि तुम्हीही बोलणार आहात की. तुमचंही निरीक्षण धरलं जाईल."

"एकटं?"

"दोन शेजारी मिळवा," प्राजक्ता म्हणाली. "सूत्रच आहे तसं."

ललिताबाईंनी दोन शेजारी मिळवायला घेतले. पहिले माधवराव दिघे, यशवंतरावांचे जुने सहकारी. त्या वह्या त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

"बोलतो ना, वहिनी! न बोलून कसं चालेल? मला वह्यांचं पुठ्ठ्याचं कव्हरसुद्धा आठवतंय."

"सरळ सांगाल? सूत्र माझं आहे म्हणून?"

"अहो, सरळच. मी काय घाबरतो की काय?"

दुसरा मुलगा, सलील. तो रॉटरडॅमला असे.

"आई, मला माहितीये गं. पण आत्ता? बाबांना जाऊन दोन आठवडे नाही झाले."

"मग कधी? एकदा स्मृतिकोशात गेलं की संपलं."

तिकडून भांडी लावल्याचा आवाज आला. "बरं. बोलतो," सलील म्हणाला.

रविवारी सकाळी अकरा वाजता पडद्यावर दोनशे चौदा चौकटी उघडल्या. मधल्या चौकटीत हार घातलेला फोटो. प्रत्येक वक्त्याच्या चौकटीखाली एक बारीक दिवा होता: आठवण सुसंगत असेल तर हिरवा, विसंगत असेल तर तांबडा. लोकांनी बुजू नये म्हणून आयोजकांनी तांबड्याऐवजी अबोली ठेवला होता.

पहिल्या वक्त्याने यशवंतरावांना ऋषितुल्य म्हटलं. दिवा क्षणभर घुटमळला. दुसऱ्यानेही ऋषितुल्य म्हटलं, तिसऱ्यानेही. मग तिघांचेही दिवे हिरवे झाले आणि ती बाब सिद्ध झाली. सर कधी रागावत नसत, हे चौथ्या वक्त्याने सांगितलं. त्याच्यावर सरांनी एकदा डस्टर फेकलं होतं. दिवा हिरवा. प्रत्येक पुरुषाच्या यशामागे एक स्त्री असते, हे सात जणांनी सांगितलं आणि सातही जणांनी ती स्त्री शांत, समाधानी, हसतमुख आणि कशाचीही अपेक्षा न करणारी असल्याचं नमूद केलं. सातही हिरवे.

मग दिघे आले. त्यांनी घसा साफ केला. "सूत्राबद्दल मला आज एक सांगायचंच आहे," ते म्हणाले, आणि मग त्यांची नजर त्या दोनशे चेहऱ्यांवरून फिरली. "सूत्र... सूत्र ज्या काळात सिद्ध झालं, त्या काळात वहिनींनी वह्या किती नीट सांभाळल्या, ते मी पाहिलंय. नमस्कार." हिरवा.

सलील रडत होता. "आईने घर सांभाळलं म्हणून बाबा सूत्र काढू शकले," एवढंच त्याला जमलं. तेही बहुधा त्याला म्हणायचं नव्हतं. पण आधीच्या सात जणांनी वाक्य तयार करून ठेवलं होतं, ते तोंडात आलं. हिरवा.

शेवटी ललिताबाई. दोन्ही शेजारी हातचे गेलेले. त्यांनी चष्मा पुसला.

"टिपणीस सूत्र मी काढलं," त्या म्हणाल्या. अबोली.

"हे त्यांना ठाऊक होतं. मरणाच्या दोन दिवस आधी त्यांनी ते कबूल केलं." अबोली.

"आणि ते ऋषितुल्य नव्हते. चिडके होते, घाबरट होते, आणि रात्री जाग आली की मला उठवून माफी मागायचे. मला तो माणूस हवा आहे. तुम्ही सांगताय तो माणूस आमच्या घरात कधी राहिला नाही."

दिवा अबोली झाला आणि चौकट काळी पडली. त्यावर अक्षरं उमटली:

'आपण श्रीमती ललिता टिपणीस नाही, असं मतैक्य झालं आहे. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.'

ललिताबाईंनी प्राजक्ताला फोन लावला. तिने लगेच उचलला.

"कोण बोलतंय?" प्राजक्ताचा आवाज सावध होता. "हे पहा, शोकसभांत हल्ली तोतये फार घुसतात. चेहरा काय, कुणीही लावतं. म्हणून आम्ही चेहरा बघतच नाही, बोलणं बघतो. ललिताकाकू कशा आहेत, हे सात जणांनी सांगितलंय. तुम्ही तशा नाही."

"प्राजक्ता, अगं मी नवव्या दिवशी तुझ्यासमोर बसले होते! चपला घालून!"

"काकू चपला घालून येणार नाहीत," प्राजक्ता विचार करून म्हणाली. "आणि सूत्राचा तिसरा भाग तुम्हाला ठाऊक असता, तर तुम्ही हा खटाटोप केलाच नसता."

तिसरा भाग ललिताबाईंना पाठ होता. तीन वेळा लागोपाठ विसंगत आकडा देणारं मापक, हे ते मापकच नव्हे असं समजावं. मात्र ती जागा नकाशावर रिकामी ठेवू नये. तिथला आकडा शेजारच्या मापकांवरून भरून घ्यावा. हे त्यांनी सत्ताविसाव्या वर्षी, एका दुपारी लिहिलं होतं, आणि तेव्हा त्यांना ते फार सुंदर वाटलं होतं.

त्यांनी दर्शकांसाठीचा दुवा उघडला. तो सर्वांना खुला होता.

कोपऱ्यात एक ओळ सरकत होती: 'एका अनोळखी सहभागीस सभेतून दूर केले आहे.' दोनशे चेहऱ्यांवरचा ताण उतरलेला दिसत होता. दिघे रुमालाने कपाळ पुसत होते. आणि पहिल्या ओळीत, टिपणीस कुटुंबाच्या जागी, ललिता टिपणीस बसल्या होत्या. फिकट साडी, तोच चष्मा. चेहऱ्यावर शांत, समाधानी हसू.

मधल्या चौकटीतला फोटो हलला. यशवंतराव मान किंचित तिरकी करून बघत होते.

"घरच्यांचा प्रश्न," सूत्रसंचालक म्हणाला. "वहिनी?"

"तुम्ही सुखात आहात ना?" पडद्यावरच्या ललिताबाईंनी विचारलं. आवाजात कुठेही खोट नव्हती. असा आवाज ललिताबाईंनी स्वतः आयुष्यात कधी काढला नव्हता.

"तू आहेस, मग सुखातच," यशवंतराव म्हणाले. "आणि सगळ्यांनी ऐकलंय म्हणून विचारतो, सूत्राबद्दल मघाशी कुणीतरी काही म्हणालं..."

"छे हो," पडद्यावरच्या ललिताबाई हसल्या. "सूत्र तुमचंच. मी आपली वह्या सांभाळायची."

दिवा हिरवा झाला. खाली बारीक अक्षरांत आलं: 'स्मृतिकोशात नोंद होत आहे.'

ललिताबाईंनी सलीलला फोन लावला. पडद्यावर त्याची चौकट दिसत होती. त्याने डोळे पुसता पुसता खाली पाहिलं, फोन उचलून कानाला लावला. नजर पडद्यावरच होती.

"सलील! सलील, ती मी नाही. नोंद थांबव. बाळा, तू त्यांचा मुलगा आहेस, तू म्हणालास तर थांबेल."

सलीलने खरोखर ऐकलं. ते त्यांना पडद्यावर दिसलं. त्याच्या कपाळाला आठी पडली, तशीच राहिली, आणि मग पडद्यावरच्या ललिताबाईंनी त्याच्याकडे पाहून मान डोलावली. पाठोपाठ बाकीच्या दोनशे जणांनीही.

"आई, प्लीज," तो फोनमध्ये कुजबुजला. "थांब ना जरा. आई बोलतेय."